दादाचं तिकीट

कळंबच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर नवराबायको बसले होते. यवतमाळच्या शोरूममध्ये गाडी पाहून परतत होते. बायको म्हणाली,

"आपल्या पगारातले पैसे बँकेत पडून हायेत. मंग फायनान्स कायले करता? फुकट व्याज भरा लागन."

"नगदी घेतली तं दादा गाडीत बसनार नाई. त्याचा कापूस दरसाल बुडून राह्यला. हप्त्याची म्हटलं तं म्हनन, लहाना भाऊही माह्यासारखा कर्जातच हाय."

"मंग नगदी घ्या अन् हप्त्याची सांगा."

"चिंतामणीच्या देवळापुढं गाडीचा नारळ तोच फोडनार हाय. तिथं खोटं बोलू?"

तेवढ्यात कंडक्टर आला. नवऱ्याने पैसे काढले.

"दोन कळंब द्या."

कंडक्टर पुढे सरकल्यावर ती म्हणाली,

"घ्या हप्त्यावर. व्याज म्हंजे भाऊजीचं तिकीट समजू."