मंगळवारचा फळा

स्तेफा : शुक्रवार आहे आज, ओल्हा. शुक्रवार! आणि तू डॉक्टरला मंगळवार सांगितलंस?

ओल्हा : आजच नाही, काल आणि परवाही. रोज सकाळी येतो, उशाशी वाकतो आणि मी बहिरी असल्यासारखा ओरडतो, "आजी, आज कोणता वार?" मी सांगते, मंगळवार. तो मान खाली घालून काहीतरी खरडतो.

स्तेफा : काय खरडतो ते आत्ता बाहेर नर्सनं सांगितलं मला. तुझं डोकं ठिकाणावर नाही म्हणे. कॅल्गरीहून डॅनीला बोलावलंय. तीन वाजता तो सही करणार आणि तुझी रवानगी वृद्धाश्रमात. कुलूपवाल्या वॉर्डात.

ओल्हा : माझा डॅनी? पोटचा मुलगा, आणि मला न विचारता?

स्तेफा : डोकं फिरलेल्या बाईला कोण विचारतं? न्यूमोनियासाठी आणलं तुला, नि हिमवादळानं रस्ता बंद म्हणून मी चार दिवस येऊ शकले नाही, तर तेवढ्यात यांनी तुला वेडी ठरवलं! मंगळवार कुठून काढलास तू?

ओल्हा : तो काय समोर. फळ्यावर. "मंगळवार, चार फेब्रुवारी. तुमची आजची नर्स, ट्रेसी."

स्तेफा : ट्रेसी कोण?

ओल्हा : देव जाणे. मी तिला पाहिलेलं नाही अजून.

स्तेफा : अगं, पण तुला शंका नाही आली?

ओल्हा : आली की. पण दिवे रात्रंदिवस जळतात, जेवण कधीही येतं, खिडकीतून भिंत दिसते. भिंतीला कुठे वार असतात? आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण त्यांच्या घड्याळाला नावं ठेवतो का?

[पडदा सरकवून डॉक्टर व्हिटकोम आत येतात.]

डॉक्टर : काय आजी! आज मैत्रीण आली वाटतं?

स्तेफा : बहीण. धाकटी. आणि ही तुमची आजी नाही, ओल्हा हाव्रिल्युक आहे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय हिनं.

डॉक्टर : हो हो, अर्थात. पण काय आहे, मिसेस हाव्रिल्युकना काळाचं भान उरलेलं नाही. तीन दिवस विचारलं...

स्तेफा : तिन्ही दिवस एकच उत्तर मिळालं ना? भ्रमिष्ट माणूस इतकं नेमकं बोलतं होय?

डॉक्टर : त्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं आम्ही...

ओल्हा : डॉक्टर, मागे वळा.

डॉक्टर : काय?

ओल्हा : मागे वळा आणि फळा वाचा. मोठ्यानं वाचा, मी बहिरी आहे ना.

डॉक्टर : मंगळवार... चार फेब्रुवारी.

स्तेफा : अरेरे! यांचंही भान गेलं गं. आता यांच्या सहीला कुणाला बोलवायचं? आई आहे का हो तुमची?

डॉक्टर : हे... हे नर्सनं रोज पुसून लिहायचं असतं. पण फक्त वाराचा प्रश्न नाही. आकडेमोडीतही...

ओल्हा : शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणालात. मी दोनवर पोचले, तेव्हा तुम्ही बहात्तरावर बोटं मोजत होतात.

डॉक्टर : नोंदीत तसं दिसत नाही.

स्तेफा : कसं दिसेल? पेन तुमच्या हातात होतं.

डॉक्टर : बाई, वॉर्डात बेचाळीस पेशंट आहेत. मी एकटा आहे.

ओल्हा : माझ्या वर्गातही चाळीस पोरं असायची. फळ्यावर माझीच चूक असताना एकालाही मी नापास केलं नाही. डॉक्टर, मला घरी जायचंय. सकाळी उठून चूल पेटवीन, कोंबड्यांना दाणे टाकीन, काचेवर गोठलेली बर्फाची फुलं नखानं खरवडीन आणि त्या एवढ्याशा भोकातून रस्ता बघीन. माझं सगळं तिथं आहे, डॉक्टर. ती नोंद खोडा. माझ्यासमोर खोडा.

स्तेफा : आणि खोकला जाईपर्यंत मी राहते तिच्याकडे. तेही लिहा.

डॉक्टर : बरं. "रुग्णाचं भान पूर्ण शाबूत." चालेल?

ओल्हा : तारीख घाला.

डॉक्टर : सात फेब्रुवारी. शुक्रवार.

ओल्हा : आता डॅनीला फोन करा. तुम्हीच करा. मी ठीक आहे असं मी सांगितलं, तर तो म्हणेल आई भ्रमात बोलतेय.

डॉक्टर : करतो. लगेच करतो. अजून काही, मिसेस हाव्रिल्युक?

ओल्हा : पलीकडची ती रिकामी खाट बघा. काल दुपारी मिसेस ड्युमांना तिथून कुलूपवाल्या वॉर्डात नेलं. लेक आली होती, सही करून गेली. आम्हा दोघींना मिळून हा एकच फळा होता.