बापूंची एकच पंगत

आमी शिकलगार शीख, झरीकडच्या एका खेड्याबाहेर पाल टाकून लोखंड घडवनाऱ्याची मी लेक. घरात आमची बोली येगळी, पर गावात बोलून बोलून तोंडात ही तुमचीच भाषा बसली. दसवे गुरू नांदेडला गोदावरीकाठी आले तवा त्यांच्या फौजेची हत्यारं घडवायला आमचे वाडवडील संगं आले असं म्हनत्यात, मंग फौजा सरल्या अन् ऐरनीवर तलवारीच्या जागी विळे, खुरपी, कढया आल्या, काय सांगू तुमाला.

बापूला वाचता येत नव्हतं, सगळं ऐकून पाठ. मी भाता वढायची अन् ते सांगायचे, नानकसाहेब म्हनले द्येव एकच हाय, त्याचं नाव घ्या, राबून खा, वाटून खा, मानसात उच्चनीच न्हाई. तिसऱ्या गुरूंनी तर आधी पंगतीत बसा, मंग मला भेटा असा दंडकच घातला, बादशा आला तरी तेच. अन् दसव्या गुरूंनी माघारी गादीवर मानूस न्हाई ठिवला, ग्रंथालाच गुरू माना म्हनले.

तर एका साली नानकजयंतीला बापूनं लिंबाखाली लंगर केला, सगळ्यांसाठी जेवन, डाळ, रोट्या, तुपाचा कढाप्रसाद. समद्या गावाला सांगितलं, खालच्या आळीला बी. लोक आले. मंग वरल्या आळीचा एक बाप्या म्हनला, सरदारजी, दोन पंगती करा, आमी हिकडं, ते तिकडं, लय सोपं हाय. बापू हात जोडून म्हनले, मालक, दोन केल्या तर लंगर न्हाई ऱ्हात, नुसतं जेवन ऱ्हातं. तो उठला, मंग वरली आळी उठली. खालच्या आळीचे भ्याले, उद्या कामाला कोन बोलवील, ते बी गेले. खालच्या आळीची माझी मैतरीन सखू पत्रावळ मांडून बसली व्हती, तिच्या मायनं दंडाला धरून तिला उठवलं, ती वळून वळून बघायली. बापू डाळीची बादली घिऊन तसेच हुबे. माझी माय म्हनली, आवो, केल्या असत्या दोन, लेकरं तरी जेवली असती. सांजच्याला बापू मला म्हनले, बेटा, तुझी माय बी खोटं न्हाई बोलली.

तिथंच ते खचले. गावात फिरून लंगर केला न्हाई, जयंती आली की नांदेडला जायचे अन् तिथं भांडी घासत बसायचे. सखू लगीन होऊन ऊसतोडीला गेली, तिकडंच सरली, शेजारी बसून जेवायचं आमचं ऱ्हाऊनच गेलं. बापू गेले तवा मातर अख्खं गाव आलं, दोनी आळ्या, खांदा द्यायला रेटारेटी. खांद्याला काई आडवं येत न्हाई बगा, घासालाच येतं.

आता पालममधी पत्र्याचं घर हाय, गुडघे धरल्यात, भाता बंद. गुरमुखी घरात कुनालाच येत न्हाई. सकाळी बापूकडनं ऐकलेली गुरूंची बानी पाठ हाय तेवढी म्हनते, मधल्या वळी इसरायलेय, इचारावं तर बापू न्हाईत. गेलं ते गेलं, ऱ्हायलं तेवढं नातीच्या कानात घालायलेय. वाहेगुरू तुमचं भलं करो, तुमच्या लेकराबाळांचं, अन् सगळ्यांचंच.