मारुतीची पायरी कोरडी हाय

...न्हाई, मी जळत न्हाई, पण तुमाला सांगतो, त्या आकारामाचा गोठा तुमी बघितलाय का एकदा? वर माळावर, चकचकीत पत्र्याचा, खाली कोबा, आन् हितं नदीकाठची आमची अख्खी गल्ली घमेल्यानं पुराचा चिखल काढतीया... मिल्ट्रीतनं रिटायर झालेला माणूस, जरा गप बसावं का न्हाई? पण पावसाळा लागायच्या आदीच गडी म्हशी घिऊन वर. मागल्या साली पाणी आलंच न्हाई, तवा कट्ट्यावर आमी लय हसलो. "काय मेजर, ढग बघून पळालासा व्हय?" तर मिशीवरनं हात फिरवत म्हणतो कसा, "लालासाहेब, पाऊस आता जुन्या चालीनं पडत न्हाई रं. पाणी येईल का न्हाई, मलाबी ठावं न्हाई. न्हाई आलं तर म्हशी कोरड्यात बसतील, त्यात माजं काय गेलं?" आता ह्याला काय बोलायचं, सांगा की! पण मी जळत न्हाई.

आमच्या गावाची रीत हाय, पार पणज्यापास्नंची. कृष्णामाईचं पाणी मारुतीच्या पायरीला लागलं की आदी तिची ओटी भरायची, मग बिऱ्हाड हलवायचं. त्याच्या आदी हलला त्यो भित्रा. यंदा वर धरणाकडं पाऊस नुसता कोसळाय लागला, तशी आमची सुलाबाई माज्या मागं, "आवं, चला की माळावर, आकारामभावजी बोलवत्यात." मी म्हणलं, "पायरी कोरडी हाय, गप बस." त्याच्या गोठ्यात मी जाणार? मी? दुसऱ्या दिवशी सकाळधरनं देवळात पायरीवर नजर ठिऊन बसलो, दुपारी पाणी लागलं, रीतीपरमानं उठलो... तर मागल्या ओढ्याला फुगवटा यिऊन गावचा रस्ता कवाच बुडालेला. घरी आलो तर दावणीला म्हैस न्हाई, चुलीपाशी बायको न्हाई.

मग काय, चढलो घराच्या पत्र्यावर. समोर माळ, माळावर गोठा, गोठ्यात आमची म्हैस वैरण खातीया, सुलाबाई च्या गाळतीया, आन् त्यो मेजर कपबशी हातात धरून मला हात करतोय... जळतो. जळतो की मी, लपवायचं काय त्यात?

बोटवाल्यांनी माळाला न्हिऊन सोडलं. उतरल्या उतरल्या बायकोला विचारलं, "म्हशीला आणलंस, मला का न्हाई आणलं?"

म्हणती, "तुमाला कालपास्नं सांगत हुते. म्हशीला एकदाच म्हणलं, चल."