मागे एक

—नाही नाही, उठायचं नाही. घोटा बघा कसा टम्म फुगलाय, त्यावर भार दिलात तर महिनाभर खाटेवर पडाल. बसा या दगडावर. सायकल पडलीय तिथेच पडू द्या, ती काही पळून जात नाही. आणि ढकललं म्हणू नका. मी नुसता हात आडवा केला—बरं, ढकललं. ढकललंच म्हणा. तुम्ही चांगले पाय टेकवून कडेला थांबला होतात, म्हातारा चढून येतोय म्हणून, "काका, तुम्ही आधी" म्हणालात, मी पुढे झालो, तुम्ही पेडल मारलंत, आणि मी मागे फिरून छातीत हात मारून पाडलं तुम्हाला. असं कोण करतं? वेडा करतो. मग मी वेडा समजा. पण आता खाली जायचं नाही. का ते सांगतो ना—ऐकून घ्यायला काय जातंय तुमचं, तसेही चालता येत नाहीये.

ही पक्कड बघून बिचकलात होय? अहो, ही पोटापाण्याची आहे. चाळीस वर्षं कुंपणं घालतोय मी. शाळेचं कुंपण माझं, दवाखान्याच्या मागचं माझं, आणि ती वाटेच्या तोंडाशी पाटी आहे ना, तिचे खांबसुद्धा मीच पुरले. वाचलीत का पाटी? कुणी वाचत नाही. चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, वळणावर घंटी वाजवा, आणि मागे किती सायकली आहेत ते सांगत जा—मागे दोन, मागे एक, मागे कुणी नाही. म्हणजे बाजूला झालेल्या माणसाला कळतं, अजून थांबायचं की वाटेवर यायचं. साधी गोष्ट. खांब मी दोन हात खोल पुरले, म्हटलं वाऱ्याने पडायला नको. खांब पडले नाहीत. बाकी सगळं पडलं.

तुम्ही सारखं तिकडे डावीकडे काय बघताय? तिकडून कुणी येत नाही. ती मऊ मातीची वाट, म्हाताऱ्यांची आणि नवशिक्यांची. तुमच्यासारखे सगळे इथून येतात, दगडांवरून उड्या मारत. मी वर्षभर बघतोय, मला पाठ झालंय. वर्षभर म्हणजे—आमच्या हिचं झाल्यापासून.

ही म्हणजे माझी बायको. रोज सकाळी आम्ही दोघं इथे चढायचो, तिच्या साखरेसाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला. चाललो. तर त्या दिवशी वरून एक आला, नारिंगी टोपीवाला. आम्ही बाजूला झालो. खाली डबकं होतं, त्यातून गेला आणि हिच्या अंगावर चिखल, पार तोंडापर्यंत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्यामागे धावलो, साठीचा माणूस मी, पण राग आला की मी वय विसरतो. पुढच्या चढावर तो उतरून सायकल ढकलत होता, तिथे गाठला. कॉलर धरली, कानाखाली ठेवून दिली, टोपी उडाली तशी आणखी एक. पडला. पडल्यावर लाथ घातली बरगडीत. तो काहीतरी सांगत होता, मी ऐकतोय कशाला. मला बरं वाटत होतं हो, खोटं का बोलू, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि तेवढ्यात दुसरा आला वरून, सुसाट, आणि ही वाटेच्या मधोमध. खुबा मोडला, हात मोडला. आज तेरा महिने झाले, ती उठत नाही. कूस बदलायची तर मी बदलतो.

त्यानंतर मी काही गप्प बसलो नाही. ही वाट सांभाळणाऱ्या समितीकडे गेलो, ते म्हणाले पाटी आहे ना. मग माझं मी सुरू केलं. एकाचे टायर चिरले, सायकल लावून पाणी प्यायला गेला होता तेव्हा. एकाच्या चालत्या चाकात काठी घातली. त्याचे दोन दात पडले, मीच मातीतून उचलून त्याच्या हातात दिले, म्हटलं धर, तुझे आहेत. हसू येतंय? नाही? मला यायचं. घरी जाऊन हिला सांगायचो, आज एकाची जिरवली. ती भिंतीकडे तोंड करायची. म्हणायची, भांडी घासायची राहिलीत.

भिंतीकडे का करायची? तेच तर. तेच कुणाला—हे बघा, तुम्ही परके आहात, परत भेटणार नाही, म्हणून सांगतो. तो नारिंगी टोपीवाला आमच्यापाशी हळू झाला होता. चिखल उडाला ते खरं, पण हळू झाला होता, आणि म्हणाला होता, "काकू, मागे एक." मी ऐकलं. ऐकलं मी ते. ही तशीच थांबली होती बाजूला, झाडाला धरून, नियमाप्रमाणे. ती नियम मोडणारी बाई नाही. मीच त्याला आडवा पाडल्यावर तिला हाक मारली. "ये, ये, बघ कशी जिरवली याची." नवऱ्याने ये म्हटलं म्हणून ती वाटेवर आली. आणि पोलीस आले तेव्हा, आमची मुलगी विचारत होती तेव्हा, सगळ्यांना तिने काय सांगितलं? माझंच लक्ष नव्हतं, मीच मध्ये आले. तेरा महिन्यांत एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी रडलो असतो आणि सुटलो असतो. मला लाज वाटते हो. तिच्या तोंडात घास घालताना मी ताटाकडेच बघतो.

तर काल रात्री तिला ताप होता, आणि आज पहाटे मी तारेचं भेंडोळं घेऊन इथे आलो. म्हटलं एक तरी. कुणीही असो, एक तरी. खाली दोनशे पावलांवर वळण आहे, तिथे दोन झाडं समोरासमोर आहेत. तार ताणण्यात माझा हात कुणी धरणार नाही. झाडाची साल कापू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी दिली, बघा, झाडाची काळजी आहे मला. बोटाने वाजवून बघितली. ढिली तार नुसती थरथरते, नीट ताणलेली बोलते. बोलली. सायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याला बरोबर येईल अशी. आणि मग म्हटलं, इथे चढावर थांबून जाणाऱ्याचं तोंड तरी बघावं. तर पहिले तुम्ही आलात आणि पाय टेकवून "काका, तुम्ही आधी" म्हणालात. वर्षभरात मला कुणी ते म्हटलं नव्हतं. काय करायचं मी? तुम्हाला जाऊ द्यायचं?

—उठू नका. उठू नका म्हणतो, मी काढतोच आहे ती तार, तेच सांगत होतो. तुम्हाला पाडलं तेव्हाच ठरलं माझं. थोडा दम घेतो, जातो, कापतो, तुम्हाला धरून खाली नेतो, मग पोलिसांत द्या नाहीतर आणखी कुठे द्या. इथून जो येईल त्याला आधी मी दिसणारच ना. मग ओरडताय कशाला? काय डावीकडे? कोण डावीकडे?

थांबा. तुम्ही आल्या आल्या काय म्हणालात? काका, तुम्ही आधी—आणि पुढे? पुढे काहीतरी म्हणाला होतात. मागे एक. मागे एक म्हणालात. मी ऐकलं. ऐकलं मी ते.

कोण आहे? बायको? नवीन शिकतेय, म्हणून मऊ वाटेने—अहो, ती वाट खाली वळणाच्या अलीकडेच येऊन मिळते. तारेच्या अलीकडे. हाक मारा. माझ्याकडे काय बघताय, नाव घेऊन हाक मारा, माझ्या हाकेला ती का थांबेल. आणखी मोठ्याने. पक्कड कुठंय? तुमच्या पायाशी, द्या इकडे, दोनशे पावलं आहेत, मी धावतो, मी धावलोय आधी—

घंटी. ऐकलीत? तिचीच ना? वळणावर वाजवायची म्हणून वाजवतेय. पाटी वाचलीय तिने. शहाणी आहे, बघा, वाजवतेय अजून—

वाजतेय ना? तुम्हाला येतेय का ऐकू?