तिसरी शाल

गोदावरीबाई : थांब, आधी सांग, ही शाल कायची? निवृत्त झाली तेव्हा एक दिली. पाच वर्षं फुकट शिकवलं म्हणून दुसरी. एका बाईले किती वेळा निरोप देता रे?

प्रल्हाद : निरोप नाही, मॅडम. मतलब, शनिवारी छोटासा सत्कार ठेवून राहिलो. मुलं बोलतील, तुम्ही दोन शब्द...

गोदावरीबाई : नववीत गणित चुकलं की तू असाच खाली पाहून बोलायचा. इकडं पाह. मी हेडमास्तरशी नाही, माझ्या पोट्ट्याशी बोलून राहिली.

प्रल्हाद : शनिवारनंतर येऊ नका.

गोदावरीबाई : काहून? ब्राह्मणपाऱ्याच्या घरून उरल्याच्या या शाळेपर्यंत धूळ खात येते मी. आठ वर्षांत एक तास बुडाला नाही. दहावीचा निकाल पाह!

प्रल्हाद : तोच तर रोना आहे. तुम्ही निवृत्त झाल्या तेव्हापासून गणिताची जागा रिकामी. दरसाल वरून कागद येतो, तास कोण घेते? आधीचे साहेब लिहीत, 'व्यवस्था हो गई है.' मीपण तेच लिहिलं. तास होऊन राहिला, निकाल चांगला, तर मास्तर काहून देतील ते?

गोदावरीबाई : मले सांगितलं नाहीस.

प्रल्हाद : तुम्ही होत्या, म्हणून मी बेफिकीर होतो. खोटं नाही बोलत.

गोदावरीबाई : अन् मी आपल्याच शाळेत शिकलेल्या मंजिरीले म्हणत राहिली, थांब पोरी, कुठंतरी जागा निघेल. माझ्या नादी लागून बी.एड. केलं तिनं. एक जागा निघती तर तिचाच नंबर होता.

प्रल्हाद : मागच्या आठवड्यात आली होती ती. भरतीचं वय सरलं तिचं. ते कागद दाखवा म्हणे.

गोदावरीबाई : दाखवले?

प्रल्हाद : हव. आठही वर्षांचे पाहिले. फाइल बंद करून जागेवर ठेवली.

गोदावरीबाई : करायले गेली गणपती, झाला मारुती. चीड येऊन राहिली, प्रल्हाद. तुझी थोडी, माझी जास्त. बरं, यंदाच्या दहावीचं काय? मार्चात बोर्ड आहे.

प्रल्हाद : तास रिकामा दिसला तरच मास्तर येईल. साल लागेल कदाचित.

गोदावरीबाई : मी आली तर पुढच्यांचं नुकसान, नाही आली तर यांचं. असं गणित मी कोणाले घातलं नव्हतं रे.

(घंटा वाजते. गोदावरीबाई खडूचा डबा उचलतात आणि परत टेबलावर ठेवतात.)

गोदावरीबाई : शाल कुठून आणली?

प्रल्हाद : गोल बाजारातून. मंजिरी काम करते त्या दुकानातून. तिनंच निवडली.

गोदावरीबाई : कोणासाठी, सांगितलं तिले?

प्रल्हाद : सांगितलं. मग हातातली पातळ शाल ठेवून दिली, ही जाड काढली. म्हणे, आता मॅडम घरीच बसतील ना.

गोदावरीबाई : दे इकडं. अन् शनिवारपर्यंत थांबू नको. आजच्या तारखेत वर लिही, गणिताचा तास रिकामा.