पाकटाचा काटा

ताई : हळू पुस गं! ओठ आहे, फरशी नाही.

धाकटी : आणि हा दात?

ताई : गेला. सकाळी शर्टाला इस्त्री नव्हती. डोकं धरून ओट्यावर आपटलं.

धाकटी : मुडदा बशिवला त्याचा! मागच्या वर्षी बोट, आज दात. उद्या मान मोडेल. आणि तू इथे प्राणिसंग्रहालयात कामाला येऊन हौदातल्या पाकट माशांचे लाड करतेस!

ताई : का करू नये? काटा विषारी, पण गप वाळूत पडून असतात. अंगावर पाय पडल्याशिवाय मारत नाहीत. आपण पाय घासत गेलं की आपणहून सरकतात. तुझ्या पिंजऱ्यातलं लॉरिस बघ. झाडावरचं एवढंसं जनावर, टपोरे डोळे. हात वर करून कोपराजवळचं विष चाटतं नि कडकडून चावतं. तुझा अंगठा सडला होता ना?

धाकटी : सडला. मी त्याला झोपेतून उचललं होतं, चूक माझी. पण त्याच्या मादीचं काय? विकणाऱ्यानं पक्कडीनं दात तोडले तिचे. कुणीही जवळ गेलं की बिचारी नुसतेच हात वर करते.

ताई : ...मीही सकाळी तेच केलं. तो हसला.

धाकटी : ताई, तू घरातही पाय घासत चालतेस. परवा पाहिलं मी.

ताई : तो सरकेल म्हणून.

धाकटी : सरकला?

ताई : अकरा वर्षांत एकदाही नाही.

(फोन वाजतो. धाकटी ऐकते, ठेवते.)

धाकटी : रखवालदार होता. भावजी फाटकावर आलेत. हातात सळई आहे. म्हणतात, बायकोला बाहेर काढा.

ताई : दुपारी पाकटांचे काटे छाटायचेत.

धाकटी : आत्ता काट्यांचं काय घेऊन बसलीस!

ताई : बघायला आलेले लोक हात लावतात म्हणून दर वेळी छाटतो आपण. मुळापर्यंत. तरी मेले पुन्हा उगवतात. दात नाही उगवत गं.

धाकटी : रडू नकोस ना.

ताई : रडत नाहीये, संतापलेय. पोलिसांना फोन लाव. माझ्या पर्समधला तो दात रुमालात बांध, त्यांना दाखवायचाय.

धाकटी : लावते. पण तू कुठे निघालीस?

ताई : फाटकाशी. जाळीच्या आतूनच सांगते त्याला, मी येत नाही.

धाकटी : भीती नाही वाटत?

ताई : वाटते की.

धाकटी : तरी आज पाय उचलून चालतेयस, ताई.