दिलीपचे दोन सुळके

दिलीपला जाऊन वर्ष झालं, म्हणून आज सांगतो. त्याला मी चोर समजलो होतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. अंबडच्या आमच्या प्रयोगशाळेत केसाएवढ्या काचेच्या नळीत वीज सोडून आम्ही पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, एकमेकांपासून वेगळी करायचो. माझ्या आलेखात दोन पेप्टाइडांचा मिळून एकच सुळका यायचा, दिलीपच्या आलेखात स्वच्छ दोन. हा दुसऱ्या कुणाचे जुने आलेख आपले म्हणून खपवतोय, अशी माझी खात्री झाली. साहेबांकडे तक्रार केली तर त्याची नोकरी जाणार होती. त्याआधी म्हटलं, “आज नमुना माझ्यासमोर चालव.”

“बस. पहारा दे,” तो म्हणाला.

पुन्हा दोनच सुळके!

“नळी कशाने धुतोस रे?”

“ॲसिडने. एकदा आपल्या नेहमीच्या कॉस्टिक सोड्याऐवजी चुकून ती बाटली उचलली. सोड्याने नळीतला द्रव सुसाट पळतो, दोन्ही पेप्टाइडं एकत्रच बाहेर पडतात. ॲसिडने तो मंदावतो, त्यांना वेगळं व्हायला वेळ मिळतो.”

“मग सांगितलं का नाहीस, लेका?”

“तीन आठवडे माझे आलेख उजेडात धरून बघतोयस. एकदा तोंडाने विचारलं असतंस, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.”